रोम्सीला उतरलेला नवरा

क्लाइव्ह बिडलला इंग्लंडमधल्या साऱ्या वॉर्मिन्स्टर गावात एकही शत्रू नव्हता. कारण अगदी साधं होतं. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात तो कुणालाही नाही म्हणाला नव्हता. चष्म्याच्या दुकानात त्याने चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले. समोरच्याच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" दिवसाला शंभर वेळा हे विचारून विचारून त्याची अशी पक्की समजूत झाली होती की आवडनिवड ही नेहमी समोरच्या माणसाला असते. त्याला स्वतःला कुणी काही विचारलं की तो एकच शब्द बोलायचा. चालेल.

चहा गार आला, चालेल. न्हाव्याने केस असे कापले की एक कान दुसऱ्यापेक्षा वर दिसायला लागला, चालेल. एकदा तो चुकून भलत्याच माणसाच्या अंत्यविधीला जाऊन बसला. आता मधूनच उठायचं कसं म्हणून बसून राहिला, आणि शेवटी माणूस कमी पडतो म्हणून शवपेटीला खांदा देऊन आला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण क्लाइव्हच्या घरी ती सख्ख्या बहिणीसारखी मुक्कामाला होती.

त्याची बायको ग्लेंडा नेमकी उलटी. हॉटेलात सूप गार आहे म्हणून परत पाठवणारी गावातली ती एकमेव बाई. लग्नाचंही तिनेच विचारलं होतं. तरुणपणी तिचे डोळे फार नाजूक होते, दर तीन महिन्यांनी क्लाइव्हच्या दुकानात तपासायला जावं लागायचं. पाचव्या तपासणीला ती खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, आपण आता लग्नच करून टाकू या का? क्लाइव्ह म्हणाला, चालेल. हा किस्सा ती चाळीस वर्षं प्रत्येक मेजवानीत सांगत आली. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची. अलीकडे मात्र ती सगळ्यांच्या आधी हसायचं थांबत असे, आणि हे क्लाइव्हच्या लक्षात आलं होतं. पण तो विषय काढायचा कसा, हे त्याला सुचत नव्हतं.

डोळ्यांपायी ग्लेंडाने गाजराचा वसा घेतला होता. सूपमध्ये गाजर, केकमध्ये गाजर, चीजच्या सँडविचमध्ये किसलेलं गाजर. पासष्टाव्या वर्षीही समोरच्या टेकडीवरची मेंढरं तिला मोजता यायची, आणि त्याचं सगळं श्रेय ती गाजराला द्यायची. क्लाइव्हही मुकाट्याने खायचा.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ग्लेंडाने नॉर्वेची सफर ठरवली. साउदॅम्प्टनच्या बंदरातून 'लेडी रोझमंड' नावाचं जहाज, चौदा दिवस. दुपारी अडीचला चढायचं दार बंद, म्हणजे बंद. घरी मोटार होती, पण ती शेजाऱ्याने नेमकी त्याच पंधरवड्यापुरती मागितली, आणि क्लाइव्ह काय म्हणाला असेल ते सांगायला नको. तेव्हा आगगाडीने निघायचं ठरलं. बॅगा दोन. धाकटीत क्लाइव्हचे कपडे. मोठी म्हणजे चाकं लावलेलं कपाटच. तिच्यात ग्लेंडाचा जहाजावरच्या मेजवानीसाठी शिवलेला मोरपंखी झगा, आणि चहाच्या दोनशे पुड्या, कारण नॉर्वेवाल्यांच्या चहाचा भरवसा काय? दोन्ही बॅगांना जहाजाच्या नावाच्या कागदी पट्ट्या क्लाइव्हने आदल्या दिवशीच पिना मारून लावल्या होत्या.

गाडी थेट साउदॅम्प्टनला जाणारी होती. बदलायची भानगड नाही, चुकण्यासारखं काही नाही. सामानाची फळी मात्र आधीच सुट्टीवर निघालेल्या सैनिकांच्या पिशव्यांनी भरलेली. त्यातली एक जरा सरकवा, हे शब्द क्लाइव्हच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं. तो दोन्ही बॅगा धरून दाराशी उभा राहिला. ग्लेंडा आत खिडकीपाशी बसली. पासपोर्ट, जहाजाचे कागद आणि सँडविचचा डबा तिच्याकडे. गाडी हलताच तिने डबा उघडला, कारण गाडी हलली की डबा उघडायचा असतो. सॉल्झ्बरी येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

वाटेतलं रोम्सी स्टेशन जवळ आलं तशी आतून एक पाद्रीणबाई दाराशी आल्या. सहा फूट उंची, रुंद खांदे, गळ्याला पाद्र्यांची पांढरी पट्टी. नाव फिलिपा स्ट्रोड, हे त्याला नंतर कळलं. दाराशी दोन बॅगा धरून उभा असलेला म्हातारा माणूस त्यांनी पाहिला, आणि त्यांच्यातली परोपकाराची कळ दाबली गेली.

"उतरताय ना? सोडा, मी घेते," असं म्हणून त्यांनी एका हातात मोठी आणि एका हातात धाकटी अशा दोन्ही उचलल्या.

क्लाइव्ह म्हणाला, "फार उपकार झाले."

इथेच घात झाला. सवयीने आभार आधी बाहेर पडले. आता आभार मानल्यावर 'पण मला उतरायचं नाही' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणजे बाईंनी ते ओझं फुकट उचललं असं होणार. तो सभ्य वाक्याची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात दार उघडलं. बॅगा फलाटावर गेल्या, मागे उतरणारी पाच माणसं त्याच्या पाठीशी येऊन ठेपली. तो त्यांच्या वाटेत उभा होता! इंग्लंडमध्ये माणूस एक वेळ गुन्हा करील, पण कुणाच्या वाटेत उभा राहणार नाही. माफ करा, माफ करा, असं म्हणत क्लाइव्ह त्यांना वाट देण्यासाठी खाली उतरला. पाचही जणांनी त्याची माफी मागितली, त्यानेही प्रत्येकाची मागितली, आणि हा माफीचा व्यवहार पुरा होईपर्यंत दार बंद झालं.

गाडी सुटली. ग्लेंडाची खिडकी हळूहळू समोरून गेली. तिच्या हातात अर्धं सँडविच होतं आणि तोंड उघडं होतं. ती आपल्याकडे बघते आहे हे पाहून क्लाइव्हने हात हलवला. बघणाऱ्याला हात न हलवणं बरं दिसलं नसतं.

फिलिपाबाईंनी विचारलं, न्यायला कुणी येणार आहे का? क्लाइव्ह गाडीच्या शेपटाकडे बघत म्हणाला, "कुठलं हो. बायको पुढे गेली."

पाद्रीणबाईंच्या धंद्यात 'पुढे गेली' याला एकच अर्थ असतो. त्यांचा चेहरा क्षणात मऊ झाला. त्यांनी बॅगेवरची पट्टी वाचली. जहाजाचं नाव, नॉर्वे. म्हणजे हा बिचारा बायकोच्या मागे एकटाच सफरीला जाऊन आला, आणि घरी आता कुणी वाट बघणारं नाही. बंदर तर अजून पुढे होतं, पण मऊ झालेल्या मनाला दिशा कुठे दिसतात? खूप दिवस झाले का, त्यांनी हळूच विचारलं. क्लाइव्ह म्हणाला, "अगदी आत्ताच." मग मात्र बाईंनी त्याचा दंड धरला. चर्चच्या सभागृहात दर शुक्रवारी सूपचं जेवण असतं, तिथे चला, अशा वेळी एकट्याने राहू नये. पुढची गाडी कधी आहे एवढंच क्लाइव्हला विचारायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं, "चालेल."

सभागृहात चौदा माणसं होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची. बाईंनी दोन-तीन जणांच्या कानात काही सांगितलं आणि पाहता पाहता साऱ्या खोलीने आवाज खाली घेतला. क्लाइव्हला सगळ्यात चांगली खुर्ची मिळाली. समोर सूप आलं. गाजराचं. कोथिंबीर घातलेलं. तो दर चमच्याला आता सांगू, आता सांगू म्हणत होता, पण समोर कुणीतरी डोळे पुसत पावाला लोणी लावून देत असताना 'तुमचा काहीतरी गैरसमज होतोय' हे म्हणायचं कसं? शेजारी एडविना नावाच्या आजी होत्या. त्यांनी त्याचं मन रमवायला विचारलं की नॉर्वेची सफर कशी होती.

क्लाइव्ह म्हणाला, छान होती. त्यांनी विचारलं, डोंगर मोठे होते का? तो म्हणाला, बरेच. मग पलीकडच्या टेबलावरून विनंती आली की जरा सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा. तेव्हा क्लाइव्ह बिडल उभा राहिला आणि त्याने कधीही न पाहिलेल्या देशावर दहा मिनिटं भाषण केलं. सफरीच्या माहितीपत्रकात चार चित्रं होती, ती त्याने आठ मिनिटं पुरवली. उरलेल्या दोन मिनिटांत तिथली माणसं सज्जन आहेत पण चहा बेताचा, असं सांगितलं. टाळ्या पडल्या.

तो खाली बसला आणि खिशातला फोन थरथरला. गाडीत कुणाला त्रास नको म्हणून त्याने आवाज बंद ठेवला होता, आणि आधीचे फोन चालता-बोलताना त्याला जाणवलेच नव्हते. घंटी वाजली नाही, त्यामुळे बाकीच्यांना एवढंच दिसलं, की दुःखी माणसाने मध्येच फोन काढून कानाला लावला आणि म्हणाला, "हं, ग्लेंडा."

ग्लेंडा म्हणजे गेलेली बायको, हे साऱ्यांनी मनाशी ठरवून टाकलं. एडविना आजींनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना खुणावलं. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्याही वर्षभर त्यांच्या टोपीशी बोलत होत्या.

ग्लेंडा साउदॅम्प्टन स्टेशनवरून बोलत होती. तिने विचारलं, कुठे आहेस? क्लाइव्हने सांगितलं, रोम्सीला. का? त्याने सांगितलं, एका बाईंनी मदत केली.  ग्लेंडा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"क्लाइव्ह, एक विचारते, खरं सांग. कुणी बॅग उचलली म्हणून तू गाडीतून उतरतोस. तसंच मी लग्नाचं विचारलं, म्हणून तू लग्न केलंस का? नाही म्हणवेना म्हणून?"

 उत्तर क्लाइव्हला ठाऊक होतं. एका शब्दाचं होतं. पण तो नेमका तोच शब्द होता जो त्याने जन्मात उच्चारला नव्हता, आणि तो मनात त्याची तालीम करू लागला. त्याच क्षणी फिलिपाबाई हातात डाव घेऊन वाकल्या आणि मायेने म्हणाल्या, "आणखी वाढू का?"

"हो, चालेल," क्लाइव्ह म्हणाला.

फोन बंद झाला. त्याने तीनदा परत लावला. ग्लेंडाने उचलला नाही.

घड्याळात दीड वाजत आला होता. समोर गाजराच्या सूपची दुसरी वाटी होती. जहाज चुकलं तर चुकलं, पण ग्लेंडा कुठल्या तरी बाकावर तो 'हो' घेऊन एकटी बसली असेल, हे त्याला सहन होईना. तो उठला.  फिलिपाबाईंना वाटलं त्याला प्रार्थना करायची आहे, म्हणून त्यांनी हात जोडले.

"नाही," क्लाइव्ह म्हणाला. शब्द फार चिरका निघाला, म्हणून त्याने पुन्हा म्हटला. "नाही. माझी बायको मेलेली नाही. ती साउदॅम्प्टनला गेली आहे. मी नॉर्वेला गेलेलो नाही. मला अडीचच्या आत जहाज गाठायचं आहे. मला रोम्सीला उतरायचंच नव्हतं."

चौदा चमचे थांबले. फिलिपाबाई लालबुंद झाल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून क्लाइव्हला त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्यांना एक वाजता एका बाळाच्या नामकरणाचं बोलायला जायचं होतं. तुम्ही दुःखात, तुम्हाला सोडून जाणं बरं दिसेना, म्हणून तासभर त्या घड्याळाकडे न बघण्याची कसरत करत होत्या. एडविना आजींनी तेवढ्यात विचारलं, मग सूप तरी खरंच आवडलं का? क्लाइव्ह म्हणाला, छान होतं. सगळंच एका दिवसात कसं जमणार?

त्यानंतर रोम्सीच्या रस्त्याने जी वरात निघाली ती अजून तिथे सांगतात. पुढे मोठी बॅग डोक्यावर घेतलेल्या पाद्रीणबाई, मागे क्लाइव्ह, त्याच्यामागे धाकटी बॅग आळीपाळीने ओढणारे तीन पेन्शनर, आणि सगळ्यात शेवटी एडविना आजी, वाटेत लागेल म्हणून पावाचे दोन गोळे रुमालात बांधून. गाडी फलाटाला लागलेलीच होती. ही छोटी, प्रत्येक स्टेशनाला थांबणारी. क्लाइव्ह पुन्हा दाराशीच उभा राहिला, कारण सामानाच्या जागेत एक सायकल निजली होती.

रेडब्रिज आलं. लांब बंदरावरच्या उंच क्रेन दिसायला लागल्या. एक भला गृहस्थ उतरायला दाराशी आला, त्याने क्लाइव्हकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं, हसला, आणि मोठीच्या मुठीला हात घालून म्हणाला, "चला, देतो उतरवून."

"नाही!"

अख्ख्या डब्याने फोनमधून माना वर केल्या. गृहस्थाने विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला. क्लाइव्हने त्याची चार वेळा माफी मागितली, त्याच्या सज्जनपणाची तारीफ केली, तब्येत विचारली. पण उतरला नाही. दार बंद झालं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर कुस्ती मारल्याचा आनंद होता. पुढच्या मिलब्रुक स्टेशनला कुणीच जवळ आलं नाही, याचं त्याला थोडं वाईटसुद्धा वाटलं.

साउदॅम्प्टनला ग्लेंडा फलाटावरच्या बाकावर बसली होती. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. पासपोर्ट तिच्याकडे, कागद तिच्याकडे, मनात आणती तर केव्हाच जहाजावर जाऊन बसली असती. मांडीवर सँडविचचा डबा होता. डोळे लाल होते.

"नाही," क्लाइव्ह तिच्यासमोर उभा राहून म्हणाला.

"काय नाही?"

"तू विचारलंस त्याचं उत्तर. फोनवर 'चालेल' म्हणालो ते सूपला."

ग्लेंडाने त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांत तिने हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. पण ती इतक्या सहज सोडणारी नव्हती. "आणि तेव्हाचं काय?" ती म्हणाली. "तेव्हाही चालेलच म्हणाला होतास. त्या वेळी काही सूप नव्हतं."

क्लाइव्ह तिच्या शेजारी बसला. ही गोष्ट त्याने आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती, कारण ती त्याच्या धंद्याला काळिमा लावणारी होती.

"ग्लेंडा, तुझे डोळे ठणठणीत होते."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. तू तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीस. मग तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलंस. मी कार्डावर 'दोन वर्षांनी या' असं लिहायला हवं होतं. मी तीन महिने लिहिलं. पुढच्या वेळीही तीन महिनेच लिहिलं. पाच वेळा. मला दुसरं काही विचारायचं धैर्य होत नव्हतं. मग तूच विचारलंस, आणि मला एवढा आनंद झाला की तोंडाला येईल तो शब्द बोललो. माझ्याकडे तेवढा एकच होता."

 ग्लेंडा समोरच्या रुळांकडे बघत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले. क्लाइव्हला वाटलं आता ती रडणार.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं गाजरं खातेय ती कशासाठी?"

क्लाइव्हने मान खाली घातली.

"आणि तू?"

"मला गाजर आवडत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ग्लेंडा हसायला लागली. आधी खुदूखुदू, मग बाक हलेल इतकी. तिने डबा उघडला, उरलेली सगळी सँडविचं शेजारच्या कचऱ्याच्या पेटीत उलटी केली, आणि डोळे पुसत उठली. बाहेर टॅक्सी उभ्या होत्या, अडीचला वीस मिनिटं होती. तिने दोन्ही बॅगांकडे बोट दाखवलं, मोठी आणि धाकटी, आणि दुकानातल्या त्याच जुन्या सुरात विचारलं, "बोला बिडलसाहेब. पहिली बरी की दुसरी?"

क्लाइव्हने तोंड उघडलं. सवयीचा शब्द जिभेवर आलाच होता. तो त्याने गिळला.

"दुसरी," तो म्हणाला. "हलकी आहे."

आणि धाकटी घेऊन तो पुढे चालायला लागला. ग्लेंडा मोरपंखी झगा आणि चहाच्या दोनशे पुड्या असलेलं ते कपाट ओढत त्याच्या मागून निघाली, आणि एवढी खूश तिला त्याने कधी पाहिली नव्हती.